आवर्तसारणी झोपेत सापडली नव्हती

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ऑक्सिजन लव्हाझिएने शोधला, ॲव्होगॅड्रोने एका मोलमधले (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजण्याचं एकक) कण मोजले, मेंडेलीव्हला मूलद्रव्यांची आवर्तसारणी स्वप्नात दिसली. अशा थोरांना हे आपोआप सुचलं, आपल्याला सुचणार नाही. तेव्हा रसायनशास्त्र समजून घेत बसू नका, सरळ पाठ करा. शिकवणारी माणसंसुद्धा हा संदेश पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी ऑक्सिजन. लव्हाझिएच्या आधीच दोघांनी हा वायू वेगळा केला होता. स्वीडनच्या कार्ल शीलेला तो १७७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मिळाला होता, पण त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलेने १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगाने ऊन एकवटलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती भलतीच प्रखर जळू लागली. ऑक्सिजन दोघांच्याही हाती होता, पण त्याचा अर्थ लागला नाही. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टॉन’ बाहेर पडतो, ही त्या काळची समजूत दोघांच्याही मनात घट्ट बसलेली होती.

लव्हाझिएचं मोठेपण आहे ते मोजमापात. त्याने पारा कोंडलेल्या हवेत १२ दिवस तापवला. ५० घन इंच हवेची ४२-४३ घन इंच उरली आणि पाऱ्यावर लाल भस्म धरलं. ते ४५ ग्रेन (वजनाचं जुनं, छोटं एकक) भस्म वेगळं काढून आणखी तापवलं, तर साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७-८ घन इंच वायू हाती आला. जेवढी हवा कमी झाली होती, जवळपास तेवढाच वायू परत मिळाला! म्हणजे जळताना हवेतलंच काहीतरी येऊन जोडलं जातं. हा ताळेबंद दहावीतल्या मुलालाही कागदावर मांडता येतो. आणि हाच लव्हाझिए चुकलाही. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच असं मानून त्याने ‘आम्ल घडवणारा’ या अर्थाचं ऑक्सिजन हे नाव दिलं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, हे पुढे हम्फ्री डेव्हीने दाखवलं. नाव मात्र तसंच राहिलं.

ॲव्होगॅड्रोचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. त्याने कण मोजलेच नाहीत. समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, एवढं त्याने १८११ मध्ये मांडलं. एका मोलमधल्या कणांची ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी काढली गेली, आणि तिला त्याचं नाव द्यावं असं झाँ पेरँ यांनी १९०९ मध्ये सुचवलं. ॲव्होगॅड्रोचं म्हणणं जवळजवळ पन्नास वर्षं अडगळीत पडलं होतं. डाल्टन पाण्याच्या एका कणात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरत होता, त्यामुळे अणुभारांचा, म्हणजे अणूंच्या तुलनात्मक वजनांचा, घोळ मिटेना. तो मिटवण्याची वाट १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या परिषदेत इटलीच्या कानिझारोने ॲव्होगॅड्रोचंच म्हणणं पुढे आणून दाखवली. त्या सभेत एक तरुण रशियन रसायनशास्त्रज्ञ हजर होता. तोच मेंडेलीव्ह.

आता ते स्वप्न. ही गोष्ट मेंडेलीव्हच्या एका परिचिताच्या नावावर सांगितली जाते. ती खरी धरली तरी त्या झोपेआधी नऊ वर्षं सुधारलेले अणुभार त्याच्या हाताशी होते. सारख्या गुणधर्मांच्या मूलद्रव्यांचे गट पाडण्याचे डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं हे इतरांचे प्रयत्नही होऊन गेले होते. १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्यं मांडताना त्याने टेल्युरिअम आयोडीनच्या आधी ठेवलं. अणुभाराने पाहिलं तर हा क्रम उलटा, पण गुणधर्म तेच सांगत होते. या उलट्या क्रमाचं कारण हेन्री मोस्लेच्या १९१३ च्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनंतर उमगलं: क्रम अणुअंकाचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येचा, असतो.

त्याहून मोलाच्या आहेत त्याने सोडलेल्या रिकाम्या जागा. ॲल्युमिनिअमखालच्या जागेवर येणाऱ्या मूलद्रव्याची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) सुमारे ५.९ असेल, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. १८७५ मध्ये फ्रान्सच्या ब्वाबोद्राँने त्या जागेचं मूलद्रव्य, गॅलिअम, शोधलं आणि घनता मोजली, ती आली ४.७. ज्याने धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्या मेंडेलीव्हने कळवलं की नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. ब्वाबोद्राँने धातू शुद्ध करून पुन्हा घनता काढली. उत्तर आलं ५.९. स्वप्नाच्या भरवशावर असं पत्र लिहिण्याची कुणाची छाती होईल?

राहिला पाठांतराचा सल्ला. संज्ञा आणि नावं पाठ करावीच लागतात, त्याला इलाज नाही. पण सूत्रं? सोडिअमच्या बाह्यतम कवचात १ इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या ७. आठ पुरे व्हायला क्लोरीनला हवा असलेला एक इलेक्ट्रॉन सोडिअम देतो, म्हणून सोडिअम क्लोराइडमध्ये प्रमाण एकास एक. मॅग्नेशिअमकडे द्यायला २ आहेत, म्हणून एकास दोन. ॲल्युमिनिअमच्या क्लोराइडचं प्रमाण काय येईल, ते पुस्तक न उघडता मुलांना विचारून बघा.