नंतर आठवण करा

गेले सात महिने मी एक निर्णय घेतोय. लग्न, घर, नोकरी असलं काही नाही, माझ्याकडे फोटो एडिट करायचं जे सॉफ्टवेअर आहे त्याची नवीन आवृत्ती घ्यायची की नाही, एवढंच. पण घरात आता या प्रकरणाला "तुझं ते चाललंय ते" असं नाव पडलंय, आणि बायको ते ज्या सुरात म्हणते तो सूर माणसं जुनाट खोकल्याबद्दल बोलताना लावतात तसा असतो.

आधीच सांगतो, जुन्या सॉफ्टवेअरबद्दल माझी काडीची तक्रार नव्हती. एकदाच पैसे भरले आणि विषय संपला, असा तो काळ. त्यातलं मी वापरतो काय, तर एक्स्पोजर, शॅडोज आणि क्रॉप, म्हणजे उजेड, सावल्या आणि कापाकापी. बाकी शंभरेक स्लायडर असतील, त्यांना वर्षातून एकदा चुकून हात लागतो आणि मग मी कंट्रोल झेड मारतो. कंट्रोल झेड हे माझं सगळ्यात आवडतं फीचर. (पहिलं फोटोशॉप १९९० चं. लेयर्स आले १९९४ मध्ये, ३.० मध्ये, आणि एकापेक्षा जास्त पावलं मागे जायची सोय आली थेट १९९८ च्या ५.० मध्ये. म्हणजे आधीची माणसं सगळं एकाच थरावर करायची आणि दोनदा चुकली तर चुकली. कसल्या काळजाची माणसं असतील ती, मी तर साधा मेसेज पाठवताना तीनदा खोडतो.)

तर सगळं सुखात होतं आणि मी नवा कॅमेरा घेतला. कार्ड लावलं, इम्पोर्ट केलं, आणि फोटोंच्या जागी ओळीने करड्या चौकोनांची फौज उभी. "ही फाइल ओळखता येत नाही." मला वाटलं कार्ड गेलं, मग वाटलं कॅमेरा गेला, मग रात्री दोनपर्यंत वाचून कळलं की काहीही गेलेलं नाही, मीच मागे राहिलोय. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने जे पाहिलं ते जवळजवळ कच्चंच, आणि प्रत्येक कंपनीची ते लिहायची पद्धत वेगळी, त्यात नवीन मॉडेल आलं की सॉफ्टवेअरला ते नव्याने शिकवावं लागतं. माझ्या सॉफ्टवेअरचं शिक्षण कधीच थांबलेलं. जेपीईजी, म्हणजे आपले नेहमीचे दाबून लहान केलेले फोटो, उघडत होते, पण जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, हे एकदा वाचल्यावर माणूस जेपीईजीकडे आधीच्या नजरेने बघू शकत नाही. आता मी त्या १६,३८४ पायऱ्यांचं करतो काय? शेवटी जेपीईजी करून फोनवर पाठवतो, तिथे ॲप त्याला आणखी दाबून चपटा करतं, आणि समोरचा तो चालत्या गाडीत अर्धा सेकंद बघून अंगठा टाकतो. असो.

खरं तर प्रश्न त्याच रात्री मिटला होता. फोटोशॉपवाल्या ॲडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचा एक सामाईक रॉ फॉरमॅट काढला, त्यात रूपांतर करणारा कन्व्हर्टर फुकट मिळतो, नव्या कॅमेऱ्याच्या फाइली त्यातून काढल्या की जुनं सॉफ्टवेअर मुकाट उघडतं. मी करून बघितलं. उघडल्या. आणि मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. माझ्या मनात अपग्रेड करायचं कधीच ठरलेलं होतं, फक्त मला कुणीतरी सक्ती करायला हवी होती, की बाबा आता इलाजच नाही, घे. ती सक्ती एका फुकट कन्व्हर्टरने घालवली. बायकोला मी कन्व्हर्टरबद्दल सांगितलं नाही. म्हणजे खोटं बोललो असं नाही, विषयच निघाला नाही.

मग सक्तीच्या शोधात निघालो आणि सल्ले गोळा केले. एक मित्र म्हणाला वर्गणीवाल्यांच्या नादी लागू नकोस, २०१३ मध्ये ॲडोबीने फोटोशॉपची पुढची आवृत्ती फक्त वर्गणीवर असं जाहीर केलं तेव्हापासून तो चिडलाय, त्याच्या मते हे म्हणजे स्वतःच्याच घरात भाडं भरून राहणं. दुसरा म्हणाला अरे एकरकमी घेतलेलंही शेवटी मेलंच ना, २०१९ मध्ये मॅकने ३२ बिटची ॲप्स चालवणं बंद केलं तेव्हा माझं एकरकमी तिथेच संपलं. दोघांचंही पटलं. तिसरा म्हणाला फुकटचं वापर, गिंप १९९६ पासून आहे, रॉसाठी डार्कटेबल आहे, लोक त्यात अप्रतिम कामं करतात. करत असतील. मी डार्कटेबल उघडलं, फोटो उजळ करायचा होता, तिथे फिल्मिक आरजीबी, टोन इक्वलायझर, कलर बॅलन्स आरजीबी अशी मॉड्यूल्स हारीने बसलेली, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी हळूच विंडो बंद केली. दोष त्यांचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

शिवाय घर बदलणं सोपं नसतं. ही रॉवाली सॉफ्टवेअरं मूळ फोटोला हात लावत नाहीत, कुठे किती उजळ करायचं याची फक्त चिठ्ठी लिहून ठेवतात, आणि एका सॉफ्टवेअरची चिठ्ठी दुसऱ्याला धड वाचता येत नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या माझ्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे सोडून जायचं. त्यात बहुतेक चिठ्ठ्यांवर "एक्स्पोजर +०.३" एवढंच आहे ही गोष्ट वेगळी, पण अक्षर माझं आहे.

शेवटी तीस दिवसांची ट्रायल घेतली. सुरू होताच त्याने विचारलं, कॅटलॉग (म्हणजे या सगळ्या चिठ्ठ्यांची वही) नवीन आवृत्तीसाठी अपग्रेड करू का? मी वाचून न वाचल्यासारखं करून हो म्हणालो. पहिला आठवडा पॅनेल जुन्यासारखी लावण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात मी स्टार द्यायला घेतले, चांगल्या फोटोला पाच, बऱ्याला तीन, सगळी जुनी रास उपसून काढली, इतकं काम मी अकरा वर्षांत केलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एआय डिनॉइज. ज्यासाठी हा सगळा अट्टाहास. अंधारात काढलेल्या फोटोतले ते रवाळ ठिपके हे घालवतं म्हणे. बटण दाबलं तर खाली लिहून आलं, अंदाजे वेळ अकरा मिनिटं. एका फोटोला. कारण हे सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड आहे ते फक्त पडदा दिसण्यापुरतं. म्हणजे सॉफ्टवेअर घ्यायचं तर कॉम्प्युटर घ्यायला हवा, कॉम्प्युटर घेतला तर जुना मॉनिटर त्याच्याशेजारी शोभणार नाही, आणि मॉनिटर नवीन आला की आधीचे सगळे फोटो त्यावर पिवळट दिसणार हे मला आत्ताच दिसत होतं. आणि हलून पुसट आलेल्या फोटोचं ते काहीच करत नाही, तेही कळलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पण अकरा मिनिटांनी जो फोटो आला तो खरंच सुंदर होता हो. आत्याचा फोटो, घरातल्या एका समारंभात रात्री काढलेला. ती महिनाभर मागत होती आणि मी "एडिट करून देतो" म्हणत होतो. मला वाटलं हीच परीक्षा. एकच फोटो जुन्यात एक, नव्यात एक असा केला, फाइलींना अ आणि ब नाव दिलं म्हणजे कुणाला कळायला नको कुठला कशातला, कुठला कुठला ते चिठोऱ्यावर लिहून ठेवलं, आणि चिठोरं हरवलं. मग मीच दोनशे टक्के मोठं करून दहा मिनिटं बघितले. ब नवीन असावा. किंवा अ. बायको म्हणाली दोन्ही छान आहेत, ज्याचा अर्थ बघितले नाहीत असा होतो. मग दोन्ही आत्याला पाठवले आणि लिहिलं, यातला कुठला जास्त आवडला, नीट बघून सांग.

लगेच फोन. "अरे, दोन्हींत माझे डोळे मिटलेत."

बघतो तर खरंच मिटलेले. तीन आठवडे मी त्या फोटोतला गालांवरचा नॉइज बघत होतो, गालांच्या वर काय आहे ते बघायचं राहून गेलं. मग त्या रात्रीचे ९२ फोटो उपसले, डोळे उघडे असलेला एक सापडला, त्याला पाच स्टार दिले आणि म्हटलं उद्या निवांत करू. उद्या ट्रायल संपली. पडद्यावर दोन बटणं, "आत्ता घ्या" आणि "नंतर आठवण करा". मी नंतर दाबलं आणि जुनं सॉफ्टवेअर उघडलं. ते महिनाभरापूर्वी होतं तिथेच उभं. स्टार एकही नाही. नवीन कॅटलॉग जुन्याला उघडता येत नाही, ट्रायलमध्ये केलेलं सगळं पलीकडच्या काठावर. मी ज्याला हो म्हणालो होतो ते हे.

मग परत ९२ फोटो. परत तो एक शोधला, फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढला, एक्स्पोजर, शॅडोज, क्रॉप. चार मिनिटं लागली. नॉइज होता, पण डोळे उघडे होते.

आत्याचा पुन्हा फोन आला. "हा बघ, किती छान आलाय. ते नवीन सॉफ्टवेअर घेतलंस वाटतं?"

मी हो म्हणालो. आतल्या खोलीतून बायको खोकली.