तुतारीला सूर किती?

आमचा कट्टा म्हणजे मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागं, बंद पडलेल्या एका सायकल दुकानाच्या चार पायऱ्या. सगळ्यात वरची पायरी मास्तरांची, कारण त्यांचे गुडघे. बाकीच्यांनी जिथं जागा मिळेल तिथं टेकायचं. एप्रिलचा उकाडा होता, आठ वाजून गेले होते, समोरच्या गाड्यावरनं उसाच्या रसाचे ग्लास आले होते आणि ओंक्या मोबाईल आडवा धरून संभाजीराजांवरचा 'छावा' बघत बसला होता. फेब्रुवारीत थेटरात तीनदा बघून झालेला. आता नेटफ्लिक्सवर आला म्हणून चौथ्यांदा.

"आवाज कमी कर की मर्दा," सुन्या म्हणाला. "डब्यात खडे हलवल्यागत वाजायलंय."

"ते फोनमुळं नव्हं. मूळचंच तसं हाय," ओंक्या म्हणाला. "रहमाननं वाट लावली. बाकी पिक्चर एक नंबर."

हे वाक्य आम्ही नवीन ऐकत नव्हतो. १४ फेब्रुवारीला पिक्चर लागला, त्याच आठवड्यात आम्ही सगळे सांगलीला जाऊन बघून आलो. शेवटच्या अर्ध्या तासात कुणाच्या हातातला पॉपकॉर्न वाजला नाही. पडदा काळा झाला तसा पुढच्या रांगेतला एक सहा-सात वर्षांचा पोरगा खुर्चीवर उभा राहिला आणि त्यानं गारद म्हटली. अर्धे शब्द चुकलेले, पण न अडखळता. अख्खं थेटर उभं. माझ्या शेजारची बाई चप्पल काढून उभी राहिली, ते मला पिक्चरमधल्या कुठल्याही दृश्यापेक्षा जास्त लक्षात आहे. त्या दिवसांत फोनवर असलंच सगळं फिरत होतं: नागपुरात कोण घोड्यावर बसून थेटरात आला, गुजरातेत भरूचला एकानं पडदाच फाडला. आणि तरीही परत येताना रिक्षात बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय? "सगळं भारी, पण म्युझिक…"

रडलेले डोळे पुसायच्या आत तक्रार. मला तेव्हाही याचं नवल वाटलं होतं.

"काय वाट लावली, ते तर सांग," प्राजक्ता म्हणाली. ती ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळं कट्ट्यावर तिला सगळे 'मॅडम' म्हणतात आणि तिला ते आवडत नाही.

"बसत नाही गं. शिवकाळ वाटत नाही. ते कोरस, ते ड्रम, ती व्हायोलिनं. आपलं ढोल-ताशे पायजेत. तुतारी पायजे. अजय-अतुल पायजे होते. ही बघ रील. एकानं तोच लढाईचा सीन घेऊन खाली दुसरं म्युझिक लावलंय. बघ काटा येतो का न्हाई."

आम्ही सगळे वाकून बघितलं. काटा आला, खोटं कशाला बोलू. पण खालचं म्युझिक असं होतं की त्यावर माझं औषधाचं दुकान उघडतानाचा व्हिडिओ लावला असता तरी काटा आला असता.

सुन्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. त्याच्या वडिलांनी क्लॅरिनेट वाजवलं, आजोबांनीही. म्हणजे आमच्यात ऑर्केस्ट्रा आतून बघितलेला तो एकटाच. तो म्हणाला, "ओंक्या, तुतारीला सूर किती असतात रं?"

"म्हंजे?"

"म्हंजे किती सूर निघतात? खरी तुतारी. माझ्या हातातल्या ट्रंपेटला तीन वॉल्व हायत म्हणून गाणं वाजतं. तुतारीला काय हाय? नुसती वाकडी नळी. फुंकरीच्या जोरावर दोन-तीन सूर देती, लई झालं. ती गाणं वाजवायला नसतीच. ती वर्दी द्यायला असती, कोणतरी येतंय म्हणून. पिक्चरमधी तुतारीवर अख्खी चाल ऐकायला येती ना, ती एकतर ट्रंपेट असती न्हाईतर कीबोर्ड. अन् तुला तीच खरी वाटती."

ओंक्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्यानं ताशाचा मुद्दा काढला. त्यावर प्राजक्ता म्हणाली, ताशा जुना आहे, नगारा जुना आहे, रायगडावर नगारखान्याची इमारत अजून उभी आहे, ते सगळं कबूल. पण पन्नास ढोल एका रांगेत, पांढरे कुडते, पुढं ध्वज, हे पथकाचं रूप आपल्या आईवडिलांच्या पिढीतलं. "आपण शिवकाळ म्हणतो तेव्हा आपल्या कानात गणपतीची मिरवणूक वाजत असते," ती म्हणाली.

"मग त्या वेळचं खरं संगीत कसं होतं?" मी विचारलं.

"शब्द आहेत. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आहे, त्याच काळातला. पण शब्दच. चाल कागदावर कोण उतरवणार? ती गोंधळ्यांच्या गळ्यातनं पुढं आली. गळा बदलला की चाल बदलली."

इथपर्यंत मास्तर गप्प होते. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, भजनी मंडळात पेटी वाजवली, आणि ते रस पिताना मधे बोलत नाहीत. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "हे सगळं वकिली झालं. प्रश्न साधा आहे. पडद्यावर संगमेश्वर दिसतंय, कानाला संगमेश्वर ऐकू आलं पाहिजे. एक संबळ, एक तुणतुणं, एक शाहिराचा आवाज. आणि फार तर पेटी. ते नको हे शंभर व्हायोलिनांचं इंग्रजी पोतं."

दस्तगीर इतका वेळ तळहातावर तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घेऊन तिला कानशीने हळूहळू घासत होता. त्याचं घर सतारमेकरांच्या गल्लीत. या गल्लीतली मूळ माणसं शिकलगार, तलवारींना धार लावणारी. हत्यारांची गिऱ्हाइकं संपली तशी दीडेकशे वर्षांपूर्वी ती सतारी-तंबोऱ्यांकडं वळली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा दस्तगीरनं कट्ट्यावर पेढे वाटले होते. तो कट्ट्यावरही काम घेऊनच येतो. जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणायला, घाई चालत नाही म्हणतो, आणि कट्ट्याइतका रिकामा वेळ दुसरीकडं कुठं मिळणार.

"मास्तर, पेटी कवाची?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कधीची म्हणजे?"

"हार्मोनियमचं पेटंट पॅरिसचं. १८४२. आपल्याकडं हातानं भाता मारायची पेटी झाली ती कलकत्त्याला, द्वारकानाथ घोषांनी केली, १८७५ च्या सुमारास. अन् व्हायोलिन? इटलीत क्रेमोना म्हणून गाव हाय. आपली मिरज तशी त्यांचं क्रेमोना. तिथला स्ट्रॅडिव्हेरी. त्याच्या नावाची चिठ्ठी लागलेलं सगळ्यात जुनं व्हायोलिन १६६६ चं. मॅडम, १६६६ ला काय?"

"आग्रा," प्राजक्ता म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. "आग्र्याला महाराजांबरोबर संभाजीराजे होते. नऊ वर्षांचे."

"झालं की मग. राजे आग्र्यात असताना तिकडं व्हायोलिनाला वॉर्निश लागत होतं. तुमची पेटी त्या वेळी कुणाच्या सपनातबी नव्हती. अन् इंग्रजी कोण? व्हायोलिन!"

ओंक्यानं शिट्टी मारली. सुन्यानं मास्तरांकडं बघायचं टाळलं. मास्तर चिडले नाहीत, हे विशेष. त्यांनी चष्मा पुसला.

"तारीख तुझी बरोबर," ते म्हणाले. "पण लोणच्याला तारीख विचारत नाहीत, मुरलंय का ते बघतात. पेटी पॅरिसहून आली, पण शे-सव्वाशे वर्षं भजनात बसली, तमाशात बसली, नाटकात बसली. आमच्या गावात वारकऱ्यांची पेटी देवळात टांगलेली असायची. ती मुरली. तुझं व्हायोलिन राजांच्या वयाचं असेल, पण ते इथं राजांना भेटलं नाही."

हा मुद्दा मला आजही पटतो. दस्तगीरलाही पटला असावा, कारण त्यानं घासायचं थांबवलं.

पण ओंक्याला वाटलं आपली बाजू जिंकली. त्या भरात तो म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी! रहमानला आपलं काय कळणार?"

आणि गप्प झाला. सगळेच झाले. रसाच्या गाड्याचं चाक तेवढं फिरत होतं, घुंगरू वाजत होते.

दस्तगीरनंच सोडवलं. "मला बघून ब्रेक मारू नको. तो मद्रासचा हाय म्हणून म्हणालास, का दुसऱ्या कशामुळं?"

"मद्रासचा म्हणूनच की," ओंक्या म्हणाला. "शपथ."

"मग मॅडमला विचार."

प्राजक्ता अशा वेळी वर्गात असल्यासारखी बोलायला लागते. मद्रासकडचा म्हणून आपलं कळणार नाही म्हणतोस, तर तंजावर कुणाचं होतं? व्यंकोजीराजांचं, म्हणजे संभाजीराजांच्या सावत्र चुलत्यांचंच. त्या भोसल्यांच्या गादीवरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. आणि कर्नाटक संगीतात व्हायोलिन ज्यांनी रुजवलं, त्यातला एक वडिवेलू, त्याच तंजावरच्या दरबारातला. "म्हणजे मास्तर, व्हायोलिन मुरलंय. भोसल्यांच्याच बरणीत मुरलंय. फक्त बरणी तिकडं होती."

मास्तर म्हणाले, "बरणी तिकडं, आणि जेवायला आम्ही इकडं."

हशा झाला आणि जरा मोकळं वाटलं. मग सुन्यानं अजय-अतुलचं 'सैराट' काढलं, २०१६ चं. त्याचं ऑर्केस्ट्रेशन लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या सिंफनीकडून वाजवून घेतलं होतं. करमाळ्याच्या विहिरी, ऊस, आणि खाली हॉलिवूडची व्हायोलिनं. "तवा एकानं तरी विचारलं का, ह्या व्हायोलिनाला करमाळ्याचं काय कळतंय म्हणून? दोन वर्षं आमाला दुसरं कायबी वाजवू दिलं न्हाई लोकांनी." ओंक्या म्हणाला, ती आजची गोष्ट, आजच्या गोष्टीला चालतं. मग मी 'जोधा अकबर' काढला. तोही रहमानचाच, २००८ चा, तोही जुन्या काळाचा, नगारे आणि कोरस त्यातही. तिथं सगळे खूश. ओंक्या म्हणाला, "मोगलांचं कसंबी चालतंय, आपलं नीट पायजे." हे तो विनोदानं म्हणाला, पण मला वाटतं संध्याकाळभरातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं. अकबर आपल्याला पिक्चर म्हणून बघता येतो. संभाजीराजे येत नाहीत. लेझीमचा प्रसंग ट्रेलरमध्ये दिसला तेव्हा केवढा गदारोळ झाला, दिग्दर्शक उतेकरांना तो काढून टाकावा लागला. राजे नाचताना दिसले की आपल्या देवघरात कुणीतरी चप्पल घालून आल्यासारखं होतं. संगीताचंही तेच झालं असणार. देवघरात आरती ठरलेली असते, चाल बदलली की आजी जपमाळ थांबवते.

तरी मला स्वतःला ते संगीत आवडलं नाही, आणि माझं कारण वेगळं आहे. ते मी तिथंच सांगितलं. व्हायोलिन असो की ड्रम, ते माझ्या आधी पोचत होतं. दृश्य सुरू व्हायच्या आत सांगून मोकळं: आता छाती फुगवा, आता रडा. दुकानात काही गिऱ्हाइकं असतात, डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या हातात पडायच्या आत गोळ्यांची नावं सांगतात. अरे, वाचू तरी दे.

"मला वेगळंच खटकलं," प्राजक्ता म्हणाली. "गाणं कुठलं, 'आया रे तूफान', बरोबर? सगळीकडं तुफानच. पण संभाजीराजे म्हणजे संस्कृतात लिहिणारा माणूस. 'बुधभूषण' हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. ब्रज भाषेतलं काव्य आहे. जिवाभावाचा सोबती कोण, तर कवी. शेवटी साखळदंडात बांधलेले दोघं एकमेकांना ओळी देतात, तिथं पिक्चरला ते कळलंय. संगीताला आधीपासनं कळायला हवं होतं. पहिल्या बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासनं शेवटपर्यंत सिंहच सिंह. बुधभूषणवाला माणूस कुठल्या वाद्यात आहे?"

"तंबोऱ्यात," दस्तगीर लगेच म्हणाला.

"हां, म्हणजे तुझा खप!" सुन्या ओरडला.

"खप तर खप. पण बघ की. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सगळं गेलंय, समोर कोण बसलंय ते माहीत हाय, अन् माणूस कविता करतोय. तिथं ड्रम काय करंल? तिथं चार तारा लागतात. पहिली पंचमाची, मग दोन जोडाच्या, मग खर्ज. बास. वाजवायचं कायच न्हाई, नुसतं छेडत ऱ्हायचं." त्यानं घोडी वर धरून दिव्याच्या उजेडात बघितली. "अन् जवारी उघडी पायजे. बंद जवारीचा तंबोरा लावला तर परत रहमानलाच शिव्या पडतील."

मास्तरांनी ओंक्याचा फोन मागितला. तो साखळदंडाचा प्रसंग काढायला लावला आणि आवाज पूर्ण बंद करायला सांगितला. आम्ही तो मुका बघितला. मास्तर खर्जात गुणगुणायला लागले, शब्द नाहीत, नुसता सा. पायऱ्यांवर, समोर रसवाल्याचं घुंगरू वाजत असताना. मिनिटभर चाललं असेल. मग त्यांना खोकला आला. कसं वाटलं ते कुणी बोललं नाही. ओंक्यानं तर फोन परत घेताना आवाज चालूही केला नाही.

तेवढ्यात सुन्याचा फोन वाजला. बँडमालकाचा. सुन्या नुसता "व्हय… व्हय… कुठल्या पट्टीत?" करत होता. ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"परवा तासगावची वरात हाय. नवरदेव घोड्यावर येणार, डोक्याला फेटा, कमरंला तलवार. एंट्रीला एकच गाणं पायजे म्हणतोय."

आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो.

"आया रे तूफान," सुन्या म्हणाला. "मास्तर, जरा सरगम लिहून देता का? ट्रंपेटला बसंल असं."

मास्तरांनी खिशातनं पेन काढलं आणि माझ्याकडं कागद मागितला. माझ्याकडं औषधाच्या बिलाचा पाठकोरा कागद होता, तो दिला. ओंक्यानं गाणं लावलं, पहिल्यापासनं. मास्तर कान फोनला लावून म्हणाले, "मागं घे. तो वैशाली सामंत येते तिथला तुकडा परत वाजव. तिथं बाई बरोबर मराठी बोलते."