आधी आहे ती टॅक्सी धड चालवा!

चालकविरहित गाड्या आणल्या की अ‍ॅपवरच्या टॅक्सीवाल्यांची मनमानी आपोआप संपेल, असे कोणी सांगू लागले की माझे डोकेच फिरते. मनमानी आहे, हे मी नाकारत नाही. आईला डॉक्टरांकडे न्यायचे म्हणून आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवरून गाडी बुक करावी, तर चालकाचा पहिला प्रश्न "कुठं जायचंय?" आणि दुसरा "कॅश हाय का ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटले की फोन कट; गाडी नकाशावर बिंदू चौकातून हलत नाही, आणि कंटाळून आपणच ट्रिप रद्द केली की भुर्दंड आपल्याच माथी. तक्रार केली तर कंपनी म्हणते, आम्ही केवळ मध्यस्थ. मग प्रत्येक भाड्यातून कमिशन कापून घेताना हे मध्यस्थपण कुठे जाते?

आणि चालकच नसेल, तेव्हा जबाबदारी कोणाची? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. परंतु झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणसे रस्ता ओलांडतात, हे त्या यंत्रणेत गृहीतच धरलेले नव्हते, त्यामुळे समोरच्या जित्याजागत्या बाईला ती कधी वाहन, तर कधी सायकल समजत राहिली. खटला मात्र कंपनीवर झाला नाही. तो झाला गाडीत देखरेखीसाठी बसवलेल्या कर्मचारी महिलेवर. तिचे लक्ष मोबाइलमध्ये होते, ही तिची चूकच. पण असले अर्धवट यंत्र रस्त्यावर सोडणारे नामानिराळे राहिले, याची मला विलक्षण चीड येते.

आता वेमो या अमेरिकी कंपनीच्या चालकविरहित गाड्या उबरमार्फत ऑस्टिन, अटलांटामध्ये धावतात. तिथे धावोत. इथे शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसे पापाच्या तिकटीपर्यंत वाट मिळेल तिथून रस्ता ओलांडतात, फेरीवाल्यांच्या गाड्यांमधून दुचाक्या उलट्या घुसतात, आणि पंचगंगेला पूर आला की रोजचा रस्ताच पाण्याखाली जातो. अशा वेळी काच खाली करून "मागं घ्या, पाणी चढलंय" हे सांगणाऱ्याचे ऐकणारा माणूस गाडीत लागतो.

कंपन्यांना सुधारणाच करायची असेल, तर चालकाला ट्रिप स्वीकारण्याआधी ठिकाण दाखवा, त्याचे ऑनलाइन पैसे त्याच दिवशी खात्यात टाका, स्वीकारलेली ट्रिप त्याने टाळली तर प्रवाशाला भरपाई द्या, आणि तक्रारीच्या फोनवर उत्तर द्यायला एक माणूस बसवा.