पाच मिनिटं मागितली होती, घर नाही

ज्या घरात मी अकरा वर्षं वाढले, त्याच घराच्या दारात काल मला उभं करून विचारलं, "काम काय तुमचं?" काम! मी नीट सांगितलं, लहानपणी आम्ही इथे राहायचो, पाच मिनिटं आत येऊन बघू का? तर मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "विकलंत ना घर? मग आता काय राहिलंय बघायचं?" आणि दार लावून घेतलं.

अहो, विकलं म्हणून काय झालं? कागदावर नाव तुमचं आहे, कोण नाही म्हणतंय? मी काय वाटा मागायला आले होते? अनोळखी बाईला घरात घ्यायची भीती वाटते, तेही समजू शकते. मग दारातूनच बघू द्यायचं होतंत! आतल्या खोलीच्या चौकटीवर, उजव्या अंगाला, आईनं दर वाढदिवसाला पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या, माझ्या आणि भावाच्या उंचीच्या. "त्यावर रंग दिला," एवढं जरी सांगितलं असतं तरी मी दोन अश्रू ढाळून परत फिरले असते. आता त्या आहेत की गेल्या, तेच कळायला मार्ग नाही. कालपासून डोकं ठणकतंय नुसतं.

वर घरी आल्यावर नवऱ्याचं सुरू, "अगं, फोटो आहेत की तुझ्याकडे!" फोटो माणसांचे काढतात. जिन्याच्या करकरणाऱ्या तिसऱ्या पायरीचा फोटो कोण काढतं? पाच वर्षांचं मूल साधारण 110 सेंटीमीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून मला जे घर दिसायचं, ते एकाही अल्बममध्ये नाही. 1975 साली गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी समुद्रात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांना पाण्याखाली शब्द ऐकवले, तर ते त्यांना किनाऱ्यापेक्षा पाण्याखालीच जास्त आठवले. त्या जागी पाऊल टाकल्याशिवाय काही गोष्टी वर येतच नाहीत, हे कुणाला कसं समजावू?

आणि हे खूळ माझं एकटीचं नाही! अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी तिशी ओलांडलेल्यांना विचारलं, तेव्हा जवळपास एक तृतीयांश लोक बालपणीचं घर बघून आलेले निघाले. इतकी माणसं काय चोरी करायला गेली होती?

दार लागताना आतून एका लहान मुलाचा आवाज आला. त्याची उंची कुठे मोजता हो तुम्ही?