घळीतला वसंत आणि ६४ टक्के

साताऱ्यात फुले पाहायची म्हणजे पावसाळा सरताना कासला जायचे, एवढेच आम्हांला ठाऊक असते. आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागल्यापासून तिथे फुलांपेक्षा माणसांनाच अधिक बहर येतो. म्हणून यवतेश्वराच्या बाजूच्या एका खडकाळ घळीत, ऐन वसंताच्या तोंडावर, जाणकारांसोबत रानफुले पाहायची भटकंती आहे असे कळताच मी मुकाट्याने पैसे भरले. ‘निसर्गात मिसळून जाणाऱ्या रंगांचे कपडे घालावेत’ ही सूचनाही पाळली आणि हिरवा सदरा व हिरवी टोपी घालून निघालो. पुढे जे घडले त्याला ही आज्ञाधारकता कारणीभूत आहे.

वाट दाखवणारी मुलगी वनस्पतिशास्त्र शिकलेली, नम्र आणि जीव तोडून सांगणारी होती. काळ्या कातळाच्या भेगेतून वाकलेली धायटी तिने दाखवली. तिची बोटभरही नसलेली लाल नळीसारखी फुले आयुर्वेदातली औषधी आसवे आंबवायला वापरतात, हेही सांगितले. पानांचा मागमूस नसलेल्या गणेरीवर मोठाली पिवळीजर्द फुले उमलली होती. एवढ्यावर सकाळ सार्थकी लागली असती; पण आमच्यात पुण्याहून सासुरवाडीला आलेले एक जावई होते आणि त्यांच्या मोबाइलमध्ये झाडे ओळखणारे अ‍ॅप होते.

पळसापाशी पहिली ठिणगी पडली. कुणीतरी सवयीने ‘पळसाला पाने तीनच’ म्हणून घेतले. त्या झाडावर त्या दिवशी एकही पान नव्हते.

“हा पांगारा आहे,” मोबाइलवरून नजर न उचलता जावईबापू म्हणाले.

“नाही सर, पळसच. फुलाच्या बुडाशी ही काळसर मखमल बघा. शिवाय पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात.”

“पण इथे ८१ टक्के पांगारा दाखवतंय.”

“सर, झाड समोरच आहे.”

“ते ठीक आहे. तुमचे किती टक्के?”

हा प्रश्न त्यांनी अगदी निर्मळ मनाने विचारला. मुलगी गप्प झाली. सासूबाईंनी समेट घडवला : “पोरगी हुशार आहे हो, पण मशीन ते मशीन.” जावयाच्या शब्दाला आडवे जाण्याची आपल्याकडे रीत नसल्यामुळे बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि मीही त्यांत होतो, याचा मला अजून राग आहे.

घळीत खाली रेंज मिळेना, तेव्हा सुटलो असे वाटले. पण कड्याच्या एका टोकावर ती येत होती, आणि प्रत्येक फुलाचा फोटो घेऊन जावईबापू त्या टोकावर चढत. निकाल लागेपर्यंत आम्ही तापत चाललेल्या कातळावर पाय बदलत उभे. नऊ वाजेपर्यंत परतायचे ठरले होते. दहा वाजता आम्ही अंजनीच्या जांभळ्या फुलांच्या निकालाची वाट पाहत होतो, आणि ती फुले मात्र कुणीच पाहत नव्हते. पैसे मीही भरले होते. कुणाच्या तरी टक्क्यांसाठी ऊन खाण्याचे ते पैसे नव्हते.

वाघाटी त्या टोकालगतच होती. आषाढीचा उपवास सोडताना जिच्या फळांची भाजी लागते, तिची पांढरी, लांब केसरांची फुले नाकाशी धरून पाहावीत म्हणून मी वाकलो आणि तिच्या आकडेदार काट्यांनी माझी बाही धरली. सोडवत असतानाच मागे फोटो निघाला. क्षणभर शांतता, आणि मग जावईबापूंचा प्रामाणिक आवाज : “निवडुंग. ६४ टक्के.”

हिरवी टोपी, हिरवा सदरा आणि गालांवरची पांढरी खुंटे! सगळे हसले, त्याचे मला काही नाही. पण ती मुलगी, जिच्या बाजूने मी मनातल्या मनात का होईना इतका वेळ उभा होतो, तीही हसली आणि मग कर्तव्यबुद्धीने म्हणाली, “आपल्याकडचा फड्या निवडुंग मूळचा इथला नाही, तो अमेरिकेतून आलेला आहे.” आमच्या चार पिढ्या साताऱ्यात गेल्या.

चहाच्या वेळी जावईबापू माझ्याजवळ येऊन बसले. माफी मागतील म्हणून मी चेहरा सैल केला.

“काका, शंका राहायला नको म्हणून पुन्हा तपासलं,” ते समाधानाने म्हणाले. “आता ७१ आलंय.”