रॉकमधला शोपँ डाव्या हातात शोधा

रॉकमध्ये क्लासिकल पियानोचा विषय निघाला की कोणीतरी लगेच ‘हे इथून उचललंय, ते तिथून उचललंय’ची यादी काढतो. यादी खोटी नाही. १९७५ च्या ‘ऑल बाय मायसेल्फ’च्या कडव्याची चाल रशियन संगीतकार रॅकमॅनिनॉफच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोतली (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना). (गाणं करणाऱ्या एरिक कार्मेनला वाटलं होतं की हक्क संपलेत. अमेरिकेबाहेर संपले नव्हते, रॉयल्टी वाटून द्यावी लागली.) बिली जोएलने १९८३ मध्ये ‘धिस नाइट’चं ध्रुवपद बेथोव्हेनच्या ‘पाथेतिक’ या पियानो-रचनेवरून बांधलं आणि सरळ बेथोव्हेनचं नाव लावून मोकळा झाला.

पण चाल उचलणं ही सगळ्यात वरवरची देवाणघेवाण. पियानोने रॉकला खरं काय दिलं असेल तर एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावरून) दुसरीवर जाताना मधले स्वर कसे हलवायचे याची शिस्त. आणि रॉकला तिची गरज पडली ती डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करण्यामुळे.

गणित करून बघा. गिटारची जाड तार, ई, सुमारे ८२.४ हर्ट्झ. तिच्यावरचा पाचवा स्वर बी, १२३.५. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा एक नवा स्वर तयार होतो. इथे फरक ४१.१, म्हणजे जवळजवळ बरोबर एक सप्तक खालचा ई. म्हणून पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि पाचवा, एवढीच) एवढी भरदार लागते. आता पाचव्याऐवजी तिसरा घ्या, जी शार्प, १०३.८. फरक २१.४. दोन सप्तकं खालचा ई असतो २०.६ वर. जुळत नाही, गुरगुर सुरू होते. मायनर तिसरा घेतला तर फरकाचा स्वर ई शी मुळीच जुळत नाही. म्हणून गिटारवाले तिसरा स्वर गाळतात. आणि कॉर्ड मेजर की मायनर (ढोबळ मानाने, खुललेली की उदास) हे तर तोच सांगतो! ती जागा रिकामी राहते आणि पियानो तिथे बसतो.

कसा बसतो ते कोल्डप्लेच्या ‘क्लॉक्स’मध्ये (२००२) स्वच्छ दिसतं. उजव्या हातात ई फ्लॅट–बी फ्लॅट–जी, मग डी फ्लॅट–बी फ्लॅट–एफ, मग सी–ए फ्लॅट–एफ. पहिल्या बदलात बी फ्लॅट जागचा हलत नाही, दुसऱ्यात एफ हलत नाही, बाकीचे एकेक पायरी उतरतात. हात जवळजवळ तिथल्या तिथे. आठ मात्रांची ३+३+२ अशी फोड रॉकची. स्वरांची ही काटकसर मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या पियानोवादकांची. हेच तीन कॉर्ड मूळ स्थितीत, म्हणजे प्रत्येकीचा मूळ स्वर तळाशी ठेवून, उड्या मारत वाजवून पाहा. सगळी जादू उतरते.

एकोणिसाव्या शतकातला पियानो-संगीतकार शोपँ याचा ई मायनरमधला प्रेल्यूड (छोटी पियानो-रचना; ओपस २८, क्रमांक ४) हा या कलेचा मूळ धडा. उजवा हात सुरुवातीला बी आणि सी यांच्यातच घुटमळतो. सगळं नाट्य डाव्या हातात. तीन स्वरांची कॉर्ड, तळाचा स्वर जी, एफ शार्प, एफ, ई असा उतरतो, आणि तिन्ही स्वर एकदम नाही, आळीपाळीने सरकतात. रेडिओहेडच्या ‘एक्झिट म्युझिक’वर (१९९७) याची छाया मला तरी स्पष्ट ऐकू येते.

असलं काही बँडमध्ये आणताना हमखास होणारी चूक: कॉर्डशीटवर नुसतं ‘ई मायनर’ लिहिलेलं असतं, बेसवाला इमानाने ई वाजवतो. तळाचा जी गेला, उतरण गेली, उरली एक साधी रडकी कॉर्ड. तळाचा स्वर वेगळा लिहून द्या: ‘ई मायनर, बेस जी’. मग तो स्वर पियानोतून काढून टाका. शोपँच्या नॉक्टर्नमधल्या (संथ, रात्रीच्या भावाच्या पियानो-रचना) डाव्या हाताचंही तेच. पहिला खोल स्वर बेसला देऊन टाकायचा, आपण वरचे दोन-तीन ठेवायचे. बँड चालू असताना मिडल सी च्या एक सप्तक खालच्या सी खाली (१३१ हर्ट्झ) डावा हात नेऊ नका. तिथे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), बेस आणि गिटार आधीच दाटीवाटीने बसलेत. तरीही गढूळ वाटलं तर पियानोला १२०-१५० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा आणि ३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल काढा. सगळ्यात आधी मात्र पेडलवरचा पाय बघा. एकट्याने वाजवताना जे पेडल सुंदर लागतं तेच ड्रम्ससोबत गिचका करतं. दर कॉर्डला सोडा, नवी कॉर्ड पडल्यावर लगेच परत दाबा.

लयीचं भांडण याहून अवघड. रॅकमॅनिनॉफ ताणून-सैल सोडून वाजवायचा असतो, ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे एकसारखी टिकटिक. दोन्ही एकत्र चालवायचा हट्ट केला की पियानो अडखळल्यासारखा वाटतो. म्यूझने ‘बटरफ्लाइज अँड हरिकेन्स’मध्ये (२००३) उत्तर काढलं: मध्येच बाकीच्यांना गप्प करायचं, पियानोला मोकळं सोडायचं, मग सगळ्यांनी एकदम परत यायचं. बँडसोबतच ताण-ढील हवी असेल तर पियानो आधी क्लिकशिवाय रेकॉर्ड करा, त्यावरून टेम्पो मॅप (कुठे लय किती, याचा नकाशा) बनवा, ड्रम्स नंतर.

राहता राहिला स्पर्श, म्हणजे पट्टी किती जोरात दाबायची ते. जेनेसिसच्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ची (१९७३) पियानोची सुरुवात एवढी गाजलेली, पण १९७७ च्या लाइव्ह अल्बममध्ये गाणं थेट गायनावर सुरू होतं. त्या काळच्या काही इलेक्ट्रिक पियानोंना पट्टी जोरात दाबली की हळू, हेच कळत नसे. आजच्या कीबोर्डला १ ते १२७ पायऱ्या कळतात, पण गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू येईना की हात आपोआप जड होतो, सगळे स्वर ११० च्या वर जातात आणि पियानो पत्र्यासारखा वाजतो. कीबोर्डचं टच सेटिंग ‘हेवी’वर ठेवा, मॉनिटरमध्ये स्वतःला वाढवून घ्या, आणि साउंड चेकला सगळ्यात हळू जागा आधी वाजवा, सगळ्यात जोरकस नाही.