बारीक टायरचं दुखणं

रोड सायकलवाल्याला लोक तीनच प्रश्न विचारतात. केवढ्याला पडली, गिअर किती, आणि एवढ्या पैशांत बाईक नसती का आली? चौथा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो, तोही सकाळी साडेसहाला, कात्रजच्या जुन्या घाटात : पंप घेतलाय ना?

आमचा टायर 28 मिलिमीटर रुंद. म्हणजे धड दोन बोटंसुद्धा नाही. स्वार 70 किलोच्या आसपासचा असेल तर त्यात 70-75 पीएसआय दाबाची हवा लागते, मोटरसायकलच्या दुपटीहून जास्त. म्हणजे जाडी काकडीची आणि ऐट ट्रकची. मग रस्त्यावरची प्रत्येक वस्तू त्याच्या वाईटावर टपलेली असते.

लोक खिळ्याला घाबरतात. खिळा बिचारा सभ्य. घुसतो आणि दिसतो तरी. खरी वैरीण तार. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यांच्यातल्या पोलादी तारा हायवेच्या कडेला विखुरतात, आणि ट्रकवाले हॉर्न मारून आम्हाला ढकलतात तेही नेमकं त्याच कडेला. केसाएवढी तार, लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. ती टायरमध्ये राहिली तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. म्हणून माझा एकच हट्ट : गुन्हेगार सापडेपर्यंत ट्यूब घालायची नाही.

वजन मागे जास्त, त्यामुळे पंक्चर बहुधा मागचंच. आधी चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रीवर आणा, मग चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकच्या दांडीला हात लावू नका. शेजारी उभा राहून ‘काय झालं?’ विचारणारे काका ती हमखास दाबून बघतात. पिस्टन पुढे सरकतात, पॅड एकमेकांना भेटतात आणि मग डिस्क आत जायला जागाच राहत नाही. काकांच्या हातात बाटली द्या, हात गुंतलेले बरे.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळून फिरवा. घाटातल्या वाऱ्यात बोटांना कळत नाही ते गालाला कळतं. भोक वॉल्व्हपासून किती वीत लांब ते मोजा आणि टायरवर तीच जागा शोधा. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हपाशी ठेवायचं ते एवढ्यासाठी. फोटोत छान दिसतं हा वरकड फायदा. आतून चिंधी फिरवली की तार तिला अडकते. बोट फिरवलं तर बोटात अडकते. शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर तार शोधू नका; हवा कमी होती आणि खड्डा भरपूर होता. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिममधली, आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी सरकलीय.

पॅच घरी मारावा. सोल्यूशन लावून पाचेक मिनिटं वाळू द्यायचं असतं, आणि रस्त्यात एवढा धीर कोणालाच नसतो. ओल्यावर चिकटवलेला पॅच पुढच्या चढावर राजीनामा देतो. म्हणून घाटात सरळ नवी ट्यूब.

टायर चढवताना सुरुवात वॉल्व्हच्या समोरून, शेवट वॉल्व्हपाशी. शेवटची वीतभर कड चढता चढत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हर आठवतो. तो आठवू नये, ट्यूब चिमटते आणि पहिल्यापासून सगळं. चढलेली कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोबणीत दाबत दाबत वॉल्व्हकडे आणली की तिथे ढिलाई मिळते आणि अंगठ्यांनी काम होतं. मग वॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढायचा, खाली अडकलेली ट्यूब मोकळी होते.

छोट्या पंपाने हवा भरणं हा स्वतंत्र व्यायाम आहे. दोनेकशे हात मारल्यावर टायर कडक लागतो, तो खरं तर आपला दंड कडक झालेला असतो. श्रीमंतांसाठी 16 ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी आहे : दोन सेकंदांत टायर टणक आणि नळकांडी बर्फासारखी, उघड्या हाताने धरू नका.

पंपच विसरला असाल तर पंक्चरवाला. आमचा प्रेस्टा, म्हणजे रोड सायकलचा बारीक वॉल्व्ह बघून तो म्हणतो, ‘‘साहेब, ह्याला तोंडच नाय.’’ तोंड असतं, टोकाची बारीक चकती फिरवून उघडावं लागतं, पण त्याची नळी मोटरसायकलच्या वॉल्व्हची. मध्ये बसवायला नखाएवढं पितळी अडॅप्टर लागतं. ते खोगिराखालच्या पिशवीत कायम असू द्या. आणि कॉम्प्रेसर सुरू असताना त्याच्याशी गप्पा मारू नका. एवढ्याशा टायरला तो क्षणात फोडतो.

तोवर चहाची वेळ होते. सायकल टेबलावरून दिसेल अशीच लावावी. हेल्मेटचा पट्टा चाकात आणि फ्रेममध्ये अडकवून बक्कल लावलं की निदान टांग मारून पळणारा चोर तोंडावर आपटतो. बारीक केबलचं कुलूप कटरने तुटायला वेळ लागत नाही, ते फक्त चोराच्या मनाला लागावं म्हणून. खरं कुलूप यू आकाराचं. ते मागच्या चाकासकट फ्रेममधून घालावं, नाहीतर चोर चाकाच्या आसाची दांडी झटपट उघडून चाकच नेतो. पेडलच्या आसाखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि बिल आजच मोबाइलमध्ये ठेवा. पोलिसांना ‘काळी, बारीक टायरची’ एवढंच सांगितलं तर ते विचारतात, ‘‘गिअर किती?’’

सोसायटीच्या पार्किंगवर माझा विश्वास नाही, सायकल चौथ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर टायर मऊ. पंक्चर नाही, कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, एवढंच. घरी येताच तो सोडून साधी हवा भरायची असते. पण घरी येताच आधी काय आठवतं, पोहे की टायर?